नाताळचा आमिश फ्रूटकेक : सफरचंदाचा गर, स्निट्झ आणि मंद भट्टी

भट्टीवाला

नाताळ तीन आठवड्यांवर आलाय, म्हणून हा धागा. ‘आमिश फ्रूटकेक’ असं शोधलं की दोन अगदी वेगळे पदार्थ एकाच नावाखाली हाती लागतात. एक म्हणजे महिनाभर बरणीत फळं आंबवून केलेला ‘फ्रेंडशिप केक’. दुसरा म्हणजे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोकडच्या शेतकरी घरांतला, सफरचंदाच्या गरात भिजवलेल्या पिठाचा, सुकामेव्याने गच्च भरलेला, बहुतेक वेळा दारूशिवायचा केक. इथे मुख्यतः दुसऱ्याबद्दल लिहू.

आधी उच्चार. आमिश, शेवटचा श शहामृगातला. मराठीत ‘आमिष’ लिहिलं की अर्थच बदलतो. १६९३ साली स्वित्झर्लंड आणि अल्सास भागात याकोब आमान यांच्या बाजूने वेगळा झालेला हा ख्रिस्ती पंथ. अठराव्या शतकात ही मंडळी पेनसिल्व्हेनियात येऊ लागली. आज लँकेस्टर काउंटी आणि ओहायोतली होम्स काउंटी ही त्यांची मोठी ठाणी. सुक्या फळांचा पाव नाताळला करायची रीत त्या जर्मनभाषक मुलखात होतीच. पेनसिल्व्हेनियात सफरचंद मुबलक, त्यामुळे केकही सफरचंदावर उभा राहिला.

एकच एक ‘अस्सल’ कृती नाही. घरागणिक फरक आहे. खालचं माप त्या धाटणीचं आहे आणि घरगुती ओव्हनमध्ये चालतं. २० × १० × ६ सेंमीचे दोन लोफ टिन होतात.

मैदा २४० ग्रॅम, सफरचंदाचा घट्ट, बिनसाखरेचा गर ३०० ग्रॅम, लोणी ११५ ग्रॅम, ब्राउन शुगर १५० ग्रॅम, मोलॅसिस किंवा काकवी ४० ग्रॅम, अंडी २, खायचा सोडा पाऊण चहाचा चमचा, बेकिंग पावडर १ चमचा, मीठ अर्धा चमचा. दालचिनी पूड २ चमचे, जायफळ अर्धा, लवंग पाव. फळं एकूण ७०० ग्रॅम : बेदाणे २५०, खजूर २००, सुकवलेल्या सफरचंदाच्या फोडी १००, पाकवलेली चेरी आणि संत्र्याची साल मिळून १५०. अक्रोड किंवा पेकान २५० ग्रॅम.

फळं आणि अक्रोड मिळून ९५० ग्रॅम झाले, पीठही जवळपास तेवढंच. पिठाचं काम फळांना एकत्र धरून ठेवायचं. म्हणूनच या केकमधल्या चुका फुगण्यातल्या कमी आणि पाण्यातल्या जास्त असतात : फळातलं पाणी, गरातलं पाणी, ओव्हनमधली वाफ आणि साठवणीतला ओलावा.

कृती : सुकं सफरचंद, बेदाणे आणि खजुराचे तुकडे १२० मिली गरम सफरचंदाच्या रसात रात्रभर झाकून ठेवा. सकाळी चाळणीवर अर्धा तास निथळा आणि फडक्यावर पसरा. लोणी-साखर ५ मिनिटं फेसा. नेहमीच्या तापमानाची अंडी एकेक करून घाला, मग काकवी. सोडा गार गरात कालवा, तो लगेच फसफसेल. मैद्यातले २ मोठे चमचे बाजूला काढून फळांना चोळा. उरलेला मैदा, मसाले, मीठ आणि बेकिंग पावडर एकत्र चाळून तीन भागांत घाला, मधेमधे गर दोन भागांत. शेवटी फळं आणि अक्रोड उलथन्याने वर-खाली करा. मिश्रण उलथन्यावरून धारेने पडता कामा नये, गोळ्यानेच पडलं पाहिजे.

टिनला बटर पेपरचे दोन थर. मिश्रण भरून पाण्याच्या हाताने वरून दाबून सपाट करा, वर डोकावणारे बेदाणे आत ढकला, नाहीतर जळून कडू होतात. १५० अंशांवर १ तास २० मिनिटं ते १ तास ३५ मिनिटं.

---

दालचिनी

सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. तीन प्रश्न. अंडं न घालता होईल का? ओटीजीत रॉड वरचा-खालचा दोन्ही लावायचा की फक्त खालचा? आणि सळई स्वच्छ निघत नाही तेव्हा कच्चा आहे की खजूर चिकटला, हे ओळखायचं कसं?

---

भट्टीवाला

दालचिनीताई, शेवटच्यापासून सांगतो. सळईवर तपकिरी, चमकदार, ताणली जाणारी चिकट रेघ असेल तर ते खजूर. फिकट, पिठूळ, बोटांत चोळल्यावर लगदा होणारं असेल तर पीठ कच्चं. दोन-तीन जागी टोचून बघा. थर्मामीटर असेल तर प्रश्नच मिटतो. मध्यभागी ९५-९६ अंश आले की बाहेर काढा.

ओटीजीत दोन्ही रॉड, पंखा बंद, टिन खालच्या खाचेत. छोट्या ओटीजीत वरचा रॉड केकपासून वीतभरही लांब नसतो, म्हणून ४५ मिनिटांनी वर फॉइल सैल टाका. पंखा बंद करता येत नसेल तर १४० अंश.

अंड्याशिवाय : ६० ग्रॅम घट्ट चक्का, शिवाय १ मोठा चमचा जवसाची पूड ३ मोठे चमचे पाण्यात १० मिनिटं भिजवून. फळं मात्र ७०० वरून ५५० ग्रॅमवर आणा आणि अक्रोड २०० ग्रॅम. अंड्याची पकड नसताना एवढा भार पीठ पेलत नाही, सुरी लावली की केक फुटतो.

---

ओहायोकर

छान चाललंय. तिकडच्या स्वयंपाकघराविषयी थोडी भर.

सुकवलेल्या सफरचंदाच्या फोडींना पेनसिल्व्हेनिया डचमध्ये स्निट्झ म्हणतात. ‘डच’ म्हणजे इथे हॉलंडची भाषा नव्हे, जर्मनचीच एक बोली. हे स्निट्झ गंधकाची धुरी न देता वाळवतात, त्यामुळे रंग गडद तपकिरी आणि चव दाट, किंचित आंबट. दुकानातले पांढरेशुभ्र, मऊ ‘ॲपल रिंग्ज’ गंधकवाले असतात. ते चालतात, पण ती खोल चव येत नाही. घरी करायचे तर ५-६ मिमी जाड फोडी, १० मिनिटं लिंबूपाण्यात, मग ओव्हनच्या ६५-७० अंशांवर दार किंचित उघडं ठेवून ६ ते ८ तास. फोड वाकली पाहिजे पण दाबल्यावर ओल येता कामा नये. १ किलो सफरचंदांचे जेमतेम १२०-१५० ग्रॅम होतात.

स्निग्ध पदार्थ : तिकडे लोण्याच्या जोडीने डुकराची चरबीही सर्रास वापरतात. चरबी म्हणजे सगळा स्नेह, लोण्यात साधारण ८० टक्के. म्हणून ११५ ग्रॅम लोण्याच्या जागी ९५ ग्रॅमच घ्यायची. आपल्याकडचं तूपही याच मापाने.

अक्रोड : तिथल्या रानात काळा अक्रोड होतो. वास उग्र, थोडा मातकट आणि दारूसारखा. मिळाला तर २५० ग्रॅममध्ये ६० ग्रॅमच तो घ्या, बाकी साधा. सगळा काळा घातला तर दालचिनीसुद्धा लागत नाही.

भट्टीबद्दल : जुन्या वळणाची आमिश घरं सार्वजनिक वीजजोडणी घेत नाहीत. लँकेस्टरकडे बाटलीतल्या प्रोपेनवर चालणारे ओव्हन सर्रास दिसतात, अधिक कडक गटांत लाकडाची चूल-भट्टी. जुन्या अमेरिकी पाककृतींत तापमानाऐवजी नुसतं ‘स्लो ओव्हन’ लिहिलेलं असतं, म्हणजे ३०० फॅरनहाइटच्या आसपास, आपले १५० सेल्सिअस. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते, म्हणून गॅस ओव्हनमधली हवा दमट राहते आणि केकचा माथा उशिरा आवळतो. विजेच्या ओव्हनची हवा कोरडी. त्यात खालच्या ट्रेवर वाटीभर गरम पाणी ठेवा आणि एका तासाने वाटी काढा. हा एवढा फरक केला की वरचा टणक पापुद्रा येत नाही.

---

सुकामेवा

+१. पाण्याची वाटी शेवटपर्यंत ठेवू नका, एवढंच जोडते. माथा ओलसर राहिला की दुसऱ्या दिवशी चिकट होतो.

---

भट्टीवाला

गराबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण निम्मे केक इथेच बिघडतात.

६०० ग्रॅम सफरचंदं, चार तुकडे करून बिया काढलेली, साल राहू द्या. ६० मिली पाण्यात झाकून मंद आचेवर २०-२५ मिनिटं. चाळणीतून घासून घ्या म्हणजे साल मागे राहते. आता हा गर पातळ आहे. तो जाड बुडाच्या कढईत उघडाच ठेवून आणखी १५-२० मिनिटं आटवा, सतत ढवळत. शेवटी शेवटी मोठे बुडबुडे फट्‌कन फुटून अंगावर उडतात, हात सांभाळा.

परीक्षा : थंड बशीत एक चमचा गर टाका आणि मधून बोटाने रेघ ओढा. रेघ तशीच राहिली पाहिजे. मग मिनिटभर नुसतं बघा. गराच्या कडेने पाण्याची पातळ झालर सुटली तर अजून आटवायचंय. झालर न सुटता कड कोरडी, उंच राहिली की झालं. ही झालर केकच्या बुडाशी जाऊन बसते आणि तिथे बोटभर रबरासारखा थर तयार होतो. वरून केक सुंदर दिसतो आणि कापल्यावर कळतं.

आपल्याकडची लाल डेलिशियस सफरचंदं गोड, आंबटपणा कमी. सोड्याला आम्ल पुरत नाही आणि चव साबणासारखी येते. गरात १ मोठा चमचा लिंबाचा रस घाला. हिरवी ग्रॅनी स्मिथ असतील तर गरज नाही. बाजारातला बाटलीबंद ॲपल सॉस वापरणार असाल तर तोही आटवूनच, आणि डब्यावर साखर लिहिली असेल तर ब्राउन शुगर ३० ग्रॅम कमी करा.

---

खारीकखोबरं

भारतात करणाऱ्यांसाठी सामानाचं सांगतो.

मोलॅसिसला काकवी उत्तम. कोल्हापूर-सांगलीकडची पातळ आणि फिकट असेल तर थोडी आटवून घ्या. अमेरिकेतही काही भागांत ज्वारीच्या जातीच्या गोड ताटांचा रस आटवून ‘सॉरगम’ करतात, तो आणि काकवी चवीला बरेच जवळ आहेत. काळंकुट्ट ‘ब्लॅकस्ट्रॅप’ घेऊ नका, कडवट असतं.

बेदाणे : तासगाव-सांगलीचे हिरवट-पिवळे बेदाणे सुकवण्याआधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवलेले असतात. कोमट पाण्यात एकदा चोळून धुवा, मगच रसात घाला. काळ्या मनुका निम्म्या घेतल्या तर चव अधिक जमते. बियांच्या मनुका नकोत.

पाकवलेली ‘चेरी’ : आपल्या बाजारातली लालभडक चेरी बहुतेकदा करवंद असते, आणि टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई. दोन्ही इथे चालतील, पण टुटीफ्रुटी ५० ग्रॅमच्या वर नको, नुसता गोडवा वाढतो. करवंदाचा रंग सुटतो. धुऊन, पूर्ण कोरडी करून, मैद्यात घोळवून सगळ्यात शेवटी घाला, नाहीतर पीठ गुलाबी होतं.

खजूर मऊ, पण चिखल झालेला नको. खारीक घालू नका, रात्रभर भिजूनही चामट राहते.

अक्रोड आधी चाखा. खवट असेल तर भाजून खवटपणा जात नाही, फेकून द्या. चांगले असतील तर १६० अंशांवर ८ मिनिटं भाजून, गार करून, हाताने मोडा. सुरीने बारीक केले तर पूड पिठात मिसळते आणि केक कोरडा लागतो.

काही कृतींत ऑलस्पाइस, म्हणजे मिरीसारख्या गोल दाण्यांचा एक मसाला, असतं. आपल्याकडे ‘कबाबचिनी’ म्हणून कधी ते मिळतं, कधी शेपटीवाली मिरी. शेपूट दिसली तर ती दुसरी वस्तू आहे. खात्री नसेल तर ते वगळा, जायफळ चिमूटभर वाढवा.

---

वसईकरीण

आमच्याकडे फळं ऑक्टोबरपासूनच रममध्ये घालून ठेवलेली असतात. तीच यात वापरली तर? आणि दारू नसलेला केक आपल्या दमट हवेत नाताळपर्यंत टिकतो का?

---

सुकामेवा

वसईकरीणताई, रममधली फळं वापरता येतील. पण ती पूर्ण निथळून, रसात अजिबात न भिजवता. वजन भिजल्यानंतरचं ८०० ग्रॅम धरा. चव मात्र आपल्या प्लम केककडे झुकेल. त्यात जळवलेल्या साखरेचा आणि रमचा सूर पुढे असतो, यात सफरचंद आणि काकवीचा. माझं मत विचाराल तर निथळलेली रम दुसऱ्या केकला ठेवा आणि या केकमध्ये सफरचंद पुढे येऊ द्या.

टिकण्याचं नीट समजून घ्या. रमच्या केकला मद्य आणि भरपूर साखर बुरशीपासून राखतात, म्हणून तो महिनोन् महिने ठेवता येतो. या केकमध्ये मद्य नाही आणि फळाचा गर आहे, म्हणजे बुरशीला लागणारं पाणी मोकळं आहे. लँकेस्टरला डिसेंबरात रात्री पारा शून्याखाली जातो, थंड तळघरात डबा ठेवला की झालं. त्या भरवशावर लिहिलेलं ‘डब्यात ३ आठवडे’ वाचून मुंबई-कोकणात केक ओट्यावर ठेवू नका.

आपल्याकडे ओट्यावर ३ दिवस. पुण्या-नाशकाच्या थंडीत ५. फ्रीजमध्ये ३ आठवडे. फ्रीझरमध्ये ३ महिने.

गुंडाळताना केक पूर्ण गार हवा, किमान ५-६ तास. कोमट केक गुंडाळला की कागदाच्या आत घाम सुटतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. आधी बटर पेपर, मग फॉइल. फॉइल थेट लावली तर फळांच्या आम्लाने तिला बारीक भोकं पडतात.

काही जण वरून सफरचंदाचा रस रोज ब्रशने लावायला सांगतात. रमच्या केकची सवय इथे लावू नका. रस म्हणजे नुसतं पाणी आणि साखर, पृष्ठभाग ओला राहतो. चकाकी हवी असेल तर २०० मिली रस आटवून ४० मिली करा, केक गरम असताना एकदाच लावा. एवढ्या दाट पाकाने उलट कड राखली जाते.

मसाला मुरायला दोन दिवस लागतात. पहिल्या दिवशी लवंग पुढे येते, तिसऱ्या दिवशी सगळं एकजीव लागतं. म्हणजे २५ तारखेसाठी २२ला भाजणं सोयीचं.

---

दालचिनी

पहिला घाणा झाला. चव सुंदर. पण मध्ये खोलगट बसला, फळं खाली गेली, आणि अक्रोडाभोवती जांभळट-राखाडी कडा आल्यात. अक्रोड खराब होते का?

---

भट्टीवाला

अक्रोड चांगले आहेत. त्यांच्या सालीतली टॅनिनं सोड्याच्या क्षारात जांभळट होतात. खायला काही हरकत नाही. पण त्यावरून निदान होतं की सोडा जास्त पडला किंवा आम्ल कमी. पाऊण चमचा सपाट मोजला होता का? चमचा खुपसून वर डोंगर आला तर तो सव्वा होतो. वजनाने ४ ग्रॅम घ्या. भाजलेल्या अक्रोडांवर जांभळेपणा कमी चढतो.

जादा सोड्यानेच मध्य बसतो. झपाट्याने फुगतो, आत पकड यायच्या आधी वायू निघून जातो. मध्य बसण्याचं दुसरं कारण पहिल्या पाऊण तासात दार उघडणं, तिसरं कच्चा काढणं. तुमच्याकडे जांभळ्या कडाही आहेत, म्हणून मी सोड्यावरच बोट ठेवेन.

फळं खाली जाणं वेगळं. मैदा चोळल्याने थोडी मदत होते, पण पातळ पिठात मैदा चोळलेली फळंही बुडतात. फळं निथळून फडक्यावर पसरली होती का? भिजवलेल्या बेदाण्यांचं पाणी पिठात उतरतं, मिश्रण सैल होतं आणि तळाशी गर्दी होते. उलथन्यावरून गोळ्याने न पडता ओघळत असेल तर २० ग्रॅम मैदा वाढवा, त्याहून जास्त नको.

कडा कोरड्या आणि मध्य कच्चा झाला तर टिनच्या बाहेरून जाड खाकी कागदाची चौपदरी पट्टी सुतळीने बांधा, रॉडला लागणार नाही अशी. काळे टिन जास्त तापतात, १० अंश कमी ठेवा.

---

लिंबाचंलोणचं

धागा वर काढतोय. महिनाभर बरणीत फळं ठेवायची तो फ्रेंडशिप केकही इथेच सांगाल का? यंदाच्या नाताळला जमेल?

---

ओहायोकर

सुरुवातीपासून करायचा तर ३० दिवस लागतात, म्हणून यंदा नाही. पण कृती अशी : दीड कप आंबलेला रस कुणाकडून तरी मिळवायचा. मोठ्या काचेच्या बरणीत तो, अडीच कप साखर आणि पीचचा मोठा डबा रसासकट. रोज लाकडी चमच्याने ढवळायचं. १०व्या दिवशी पुन्हा अडीच कप साखर आणि अननसाचा डबा. २०व्या दिवशी अडीच कप साखर, फ्रूट कॉकटेल आणि मॅराशिनो (पाकात मुरवलेली) चेरी. ३०व्या दिवशी गाळायचं. फळांचे साधारण तीन केक होतात आणि रस दीड-दीड कप मैत्रिणींना वाटायचा, तो त्यांनी ३ ते ५ दिवसांत सुरू करायचा.

झाकण कधीही घट्ट लावू नका, वायू साठून बरणी फुटते. फडकं बांधा, बशी ठेवा. आपल्या उन्हाळ्यात हा प्रकार टाळा, आंबणं फार वेगाने होतं. गुलाबी किंवा नारिंगी रेघ, लव, किंवा कुजका वास आला तर वरचं काढून बाकी वाचवायचं नाही, सगळं टाकायचं. आणि फळात मद्य तयार झालेलं असतं, ज्यांना चालत नाही त्यांना आधी सांगा.

त्याचा केक तयार यलो केक मिक्स आणि इन्स्टंट पुडिंगच्या पाकिटावर चालतो. आमिश नाव त्याला चिकटलंय, पण पाकिटांवर उभी असलेली ही कृती म्हणजे आमिश शेतघराची जुनी रीत नव्हे. नाताळला आमिश वळणाचं करायचं असेल तर वरचा सफरचंदाचाच करा.

अजून एक उपयोगी गोष्ट. लँकेस्टरकडे २६ डिसेंबरला ‘दुसरा नाताळ’ असतो, पहिला दिवस शांतपणे, दुसरा नातेवाइकांच्या भेटीगाठींचा. काही वस्त्यांत ६ जानेवारीला ‘जुना नाताळ’ही पाळतात. म्हणजे २५ तारीख हुकली तरी केकची वेळ गेलेली नाही.

---

दालचिनी

दुसरा घाणा चक्का-जवसाचा केला, सोडा वजनाने घेतला, फळं फडक्यावर पसरली. माथा सपाट, तळाशी थर नाही, कडा जांभळ्या नाहीत. आता फ्रीझरमध्ये एक टिन ठेवलाय. काढायचा कसा?

---

सुकामेवा

आदल्या रात्री गुंडाळलेलाच काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, कागद उघडू नका. बाहेरचा दव फॉइलवर बसला पाहिजे, केकवर नाही. सकाळी बाहेर काढा, दोन तासांनी उघडा. बिनअंड्याचा आहे म्हणून कापताना तो थंडच हवा : करवती सुरी, दर कापानंतर ओल्या फडक्याने पुसलेली, आणि काप बोटभर जाड. पातळ कापायला गेलात तर अक्रोडापाशी तुटेल.